चार चौकटींची विनोदी चित्रमालिका कृत्रिम बुद्धिमत्तेकडून: बाबा प्रत्येक चौकटीत वेगळे आणि कूलर भलताच

धरमपेठची वाचक

नमस्कार. आमच्या वसाहतीचे वाचनालय दर तीन महिन्यांनी एक लहानसा अंक छापते आणि १ मे रोजी निघणाऱ्या अंकातले एक पान यंदा माझ्याकडे आले आहे. त्या पानावर चार चौकटींची विनोदी चित्रमालिका द्यावी, असे मी ठरवले आहे. मला चित्र काढता येत नाही. लिहिता मात्र येते, आणि विनोदाचा प्रसंग तर आमच्या घरात दरवर्षी घडतो. म्हणून चित्रांपुरती कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी, या विचाराने गेले दोन आठवडे रोज रात्री तासभर मी या कामाला बसते आहे.

प्रसंग असा आहे. मार्च सरत आला की बाबा जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला लोखंडी कूलर बाहेर ओढतात, जुन्या ताट्या (पाणी झिरपणारे गवताचे पडदे) काढून वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतात आणि आई दर वर्षी एसीचा विषय काढते. पहिल्या चौकटीत आई म्हणते, "यंदा तरी एसी घेऊन टाकू ना जी." बाबा म्हणतात, "काहून? हा काय वाईट हाये?" दुसऱ्या चौकटीत बाबा ताटी बसवत आहेत आणि आई पुन्हा म्हणते, "शेजारच्यायनं बी घेतला एसी." तिसऱ्या चौकटीत कूलर सुरू होतो, सगळी चौकट त्याच्या घरघरीने भरते आणि आई त्या आवाजावर आवाज चढवून ओरडते, "एऽऽसी!" चौथ्या चौकटीत बाबा कूलरसमोर खाटेवर डोळे मिटून पडले आहेत आणि म्हणतात, "काय म्हनून राहिली? कूलरमंधी काही ऐकूच नाही येऊन राहिलं."

अडचणी सांगते. मी नुसता 'कूलर' हा शब्द दिला, तेव्हा बाबांच्या हातात सहलीला न्यायची निळी बर्फाची पेटी आली. झाकण उघडे आणि आत शीतपेयाच्या बाटल्या. मग 'एअर कूलर' असे लिहिले, तर भिंतीवर एसीच लागला, म्हणजे ज्या वस्तूवरून घरात वाद चालला आहे ती वस्तू पहिल्याच चौकटीत घरात हजर झाली. बाबांचे तर काही विचारू नका. पहिल्या चौकटीत त्यांना मिशा आहेत आणि अंगात बनियन आहे, दुसऱ्यात मिशा गेल्या, तिसऱ्यात डोक्यावर फेटा आला आणि चौथ्यात ते तिशीचे झाले. फुग्यांमधला मजकूर वाचता येत नाही: शिरोरेषा दिसते, पण तिच्याखाली लटकलेली अक्षरे कोणत्याही वर्णमालेतली नाहीत.

या सगळ्याहून अधिक मनाला लागले ते संवादांचे. ते थोडे नीटनेटके व्हावेत म्हणून मी एका संवादी प्रणालीला (चॅटबॉटला) दिले होते. तिने परत दिलेली शेवटची चौकट जशीच्या तशी उतरवते: "अगं, आता तर मला तुझे काहीच ऐकू येत नाही! कूलरचा हाच तर खरा फायदा आहे!" यात व्याकरणाची चूक नाही, पण हे बोलणारे गृहस्थ आमचे बाबा नाहीत, आणि वाचून हसूही येत नाही. ते का येत नाही, हे मला नेमके सांगता येत नाही.

पात्र चारही चौकटींत एकच कसे ठेवावे, नागपूरचा कूलर या यंत्राला कसा समजावून सांगावा, अक्षरे कशी बसवावीत आणि विनोद टिकवण्यासाठी काय करावे, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे. अंक अ५ आकाराचा आहे आणि छपाई काळ्या-पांढऱ्या रंगात होणार आहे.

चितारओळ

ताई, मी पुस्तकांसाठी चित्रे काढतो आणि कच्च्या आराखड्यांसाठी ही साधनेही वापरतो, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

आधी कूलर. तुमच्या हाती बर्फाची पेटी आली याचे कारण सरळ आहे: अमेरिकेतल्या इंग्रजीत 'कूलर' म्हणजे तीच पेटी. ही चित्रयंत्रे महाजालावरची चित्रे आणि त्यांच्याजवळचा मजकूर यांच्या जोड्यांवर शिकलेली असतात. लायन-५बी या खुल्या संग्रहात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन हे चित्रयंत्र त्यातल्या मुख्यतः इंग्रजी मजकुराच्या भागावर शिकवले गेले. आपल्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभा असतो तो तीन बाजूंनी ताट्यांचा डबा त्या संग्रहात असलाच तर फार थोड्या वेळा आणि वेगळ्या नावांनी असणार. म्हणून नावावर विसंबू नका. 'इव्हॅपोरेटिव्ह डेझर्ट कूलर' असा शब्द द्या, शिवाय वस्तूचे वर्णन करा (पत्र्याचा चौकोनी डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी, आत पंखा), आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमच्या घरच्या कूलरचा दिवसाउजेडी काढलेला फोटो संदर्भ म्हणून जोडा. शंभर शब्दांनी होत नाही ते काम एका फोटोने होते.

आता बाबा. यातली बरीचशी यंत्रे चित्र काढायला बसतात ती ठिपक्यांच्या विस्कळीत गर्दीपासून, आणि तुमच्या वर्णनाच्या अनुरोधाने त्या गर्दीतून पायरी पायरीने आकृती मोकळी करत जातात. प्रत्येक चौकटीला ती गर्दी नवी असते. मागच्या चौकटीतला माणूस यंत्राला आठवत नाही, त्यामुळे 'तेच बाबा' या शब्दांना त्याच्या लेखी काही अर्थ नसतो. काही साधनांत सुरुवातीच्या गर्दीचा क्रमांक, म्हणजे सीड, कायम ठेवता येतो. पण वर्णन बदलले की चेहराही थोडा सरकतोच, म्हणून एकट्या सीडवर भागत नाही.

माझा मार्ग असा आहे. सुरुवातीला चौकटी विसरून फक्त बाबांचा एक तक्ता करून घ्यावा: समोरून, बाजूने, पाठमोरे, हसताना, चिडलेले, सगळे एकाच चित्रात. एकाच चित्रात असल्यामुळे ते एकमेकांसारखे राहतात. मनासारखा तक्ता मिळेपर्यंत थांबू नका. माझे निम्मे श्रम इथेच खर्च होतात आणि ते वाया गेले असे मला कधी वाटले नाही. त्यानंतर प्रत्येक चौकटीच्या वेळी तोच तक्ता संदर्भचित्र म्हणून जोडायचा आणि बाबांचे वर्णन एका शब्दाचाही फरक न करता जसेच्या तसे पुन्हा लिहायचे. हे वर्णन मजकुराच्या सुरुवातीला असू द्या. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या मजकुराचे ७७ तुकडेच (शब्द किंवा शब्दांचे भाग) वाचत असत आणि पुढचे सोडून देत असत. नवी साधने पुष्कळ अधिक वाचतात, तरी आधी लिहिलेल्या गोष्टीला वजन देण्याची सवय चांगली.

पात्र रचतानाच ते ओळखायला सोपे करा. टक्कल, जाड मिशा आणि खांद्यावर दुपट्टा एवढ्या तीन खुणा पुरेत. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय नागपूरचा माणूस बाहेर पडत नाही, तेव्हा ती खूण ओढूनताणून आणलेली वाटणार नाही. चेहऱ्यात थोडा फरक पडला तरी वाचक दुपट्ट्यावरून बाबांना ओळखतो. नागपूरच्या चितारओळीतले मूर्तिकार हेच करतात. गणपतीचा चेहरा मूर्तीगणिक वेगळा असतो, पण सोंड आणि कान दिसले की कुणी शंका काढत नाही.

चारही चौकटी एकाच चित्रात मागू नका, एकेक मागा. खोली एकदाच, रिकामी करून घ्या आणि तीच पार्श्वभूमी चारही ठिकाणी वापरा. तुमच्या प्रसंगाला तर ते शोभूनच दिसेल, कारण खोली, खिडकी आणि खाट जागची हलत नाही, फक्त आवाज वाढत जातो. माणसांची ठेवण मनासारखी येत नसेल तर कागदावर काड्यांची माणसे काढा आणि त्या कागदाचा फोटो द्या. २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या पद्धतीमुळे असे कच्चे रेखाटन पाहून त्याच ठेवणीचे चित्र करून घेता येते. काड्यांची माणसे तर सर्वांना काढता येतात.

खामल्यातून मुलुंडला

एक शंका. मी बारा वर्षांपासून मुंबईत आहे. इथल्या दमट हवेत कूलरचे पाणी सुकतच नाही, मग तो गार हवा कुठून देणार. त्यामुळे माझ्या मुलांनी कूलर फक्त आजोळी पाहिला आहे. अंक बाहेरगावीही जाणार असेल तर कूलर म्हणजे काय, हे एखाद्या ओळीत सांगावे लागेल का?

धरमपेठची वाचक

अंक वसाहतीतच वाटला जातो. येथे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलर काय असतो हे कुणालाही सांगावे लागत नाही. तरीही दुसऱ्या चौकटीत ताटी बसवण्याची कृती स्पष्ट दाखवली की बाहेरच्या वाचकालाही कळेल, असे तुमच्या प्रश्नामुळे लक्षात आले.

अक्षरजुळारी

मी छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करते, म्हणून अक्षरांपुरते लिहिते. आणि थोडे सविस्तर लिहिते, कारण मराठी चित्रमालिका बहुधा इथेच बिघडते आणि दोष मात्र चित्राला दिला जातो.

चित्रयंत्राकडून देवनागरी लिहून घेण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. ते अक्षर लिहीत नाही, अक्षरासारखी आकृती काढते. रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात, म्हणून अलीकडची साधने ती बरीच सांभाळतात. आपल्याकडे 'र्रर्र'मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, उकार खाली लोंबतो, पहिली वेलांटी उच्चाराआधी येऊन उभी राहते. नवीन साधने दोन-चार शब्द बरोबर लिहूनही दाखवतील, पण अंकातल्या प्रत्येक शब्दासाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. चित्र मागताना 'मजकूर नको, फुगे नकोत' असे स्पष्ट लिहा आणि वरच्या तिसऱ्या हिश्शात मोकळी भिंत ठेवायला सांगा, म्हणजे फुग्यांना जागा राहील.

अक्षरे संगणकावरच्या इंकस्केप किंवा गिंप या चित्रसाधनात बसवा; दोन्ही मोफत आहेत आणि जोडाक्षरे नीट जोडतात. फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरत असाल तर अक्षरांच्या मांडणीच्या पर्यायांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय आधी सुरू करावी लागते, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. टंक (फॉन्ट) म्हणून 'कलाम' पाहा, तो हाताने लिहिल्यासारखा दिसतो. थोडा गुबगुबीत हवा असेल तर 'बालू' आहे. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, तेव्हा छापील अंकात निर्धास्त वापरता येतात. भाषा 'मराठी' अशी निवडलीत तर ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ल आणि श ही अक्षरे आपल्या वळणाची येतात, हिंदीच्या वळणाची राहत नाहीत. ही गोष्ट बारीक आहे, पण वाचकाच्या डोळ्याला ती जाणवते.

फुगा आधी काढून त्यात मजकूर कोंबण्याची चूक बहुतेक जण करतात. आधी मजकूर ठेवा, त्याच्या ओळी बोलण्याच्या श्वासाप्रमाणे तोडा आणि मग त्याच्याभोवती फुगा ओढा. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात.

तुमच्या तिसऱ्या चौकटीविषयी वेगळे लिहायला हवे. इंग्रजी चित्रमालिकेत ओरडणे दाखवायला मोठी अक्षरे वापरतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे असा भेदच नाही, त्यामुळे ओरडणे आपल्याला दुसऱ्या वाटेने दाखवावे लागते: अक्षराची जाडी, आकार, फुग्याची दातेरी कड, आणि आपला हक्काचा अवग्रह (ऽ). तुम्ही 'एऽऽसी' लिहिले आहे ते अगदी योग्य आहे. आता कूलरची घरघर फुग्यात घालू नका. ती चौकटीभर, मागच्या भिंतीवर, हातानेच लिहा आणि आईचा फुगा त्या अक्षरांखाली अर्धा झाकला जाऊ द्या. 'एऽऽ' दिसावे, 'सी' घरघरीच्या मागे जावे. आवाजाने आवाज कसा गिळला, हे वाचकाला तिथे डोळ्यांनीच ऐकू येईल.

छपाईचे गणित सोपे आहे. अ५ पान १४८ बाय २१० मिलिमीटरचे असते. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर समास आणि मधे ४ मिलिमीटर फट सोडली की दोन-दोन चौकटींच्या मांडणीत प्रत्येक चौकट ६० मिलिमीटर रुंद येते. इंचाला ३०० ठिपके धरले तर त्याला सुमारे ७१० ठिपके लागतात. बहुतेक साधने १०२४ ठिपक्यांचे चित्र देतात, म्हणजे चित्र मोठे करण्याची गरज पडणार नाही. अक्षरे मात्र चित्रात मिसळून टाकू नका, पीडीएफमध्ये अक्षरे म्हणूनच ठेवा. नाहीतर छापताना त्यांच्या कडा फुटतात.

सीताबर्डीचा मास्तर

मी मराठी शिकवतो. चित्रांतले मला फारसे कळत नाही, परंतु शेवटची चौकट का पडली या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला आहे.

यंत्राने दिलेल्या वाक्यात दोन गोष्टी घडल्या आहेत. पहिली, त्याने विनोद समजावून सांगितला. 'हाच तर खरा फायदा आहे' हे वाक्य वाचकाने मनात म्हणायचे असते. ते बाबांनीच म्हटले की वाचकाला करायला काही उरत नाही. या यंत्रांना विनोदाचा साचा चांगला ठाऊक असतो, पण नेमके कुठे थांबायचे ते कळत नाही. २०२३ मध्ये सोफी येन्च आणि क्रिस्टियान केर्स्टिंग या जर्मनीतल्या संशोधकांनी चॅटजीपीटीकडून १,००८ विनोद घेतले, तेव्हा त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक विनोद फिरून फिरून त्याच २५ विनोदांवर येत होते. तेव्हापासून ही साधने पुढे गेली आहेत, तरी मधल्या रस्त्याने चालण्याची त्यांची ओढ तुमच्या उदाहरणात स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. त्याने बाबांची बोली पुसली. 'ऐकूच नाही येऊन राहिलं' आणि 'ऐकू येत नाही' या दोन वाक्यांचा कोशातला अर्थ एक आहे, पण बोलणाऱ्याचे शरीर वेगळे आहे. आपल्याकडे चालू क्रिया 'येऊन राहिलं', 'करून राहिला' अशी लांबवून सांगतात, आणि नकार त्या लांबलेल्या क्रियापदाच्या मधोमध जाऊन बसतो. खाटेवर आडवा झालेला, घाई नसलेला, मनातून सुखावलेला माणूस हे वाक्य जितका वेळ घेऊन उच्चारेल तितका वेळ त्या शब्दांतच आहे. प्रमाण मराठीतले वाक्य चटकन संपते आणि बाबा कार्यालयात बसल्यासारखे वाटतात. नागपुरी आणि वऱ्हाडी बोलण्याच्या मानाने लिहिली फार कमी जाते, म्हणून यंत्राला ती चुकीची मराठी वाटते आणि ते मोठ्या आपुलकीने ती दुरुस्त करते. 'बोलीत लिही' असे सांगून पाहिलेत तर बहुधा प्रत्येक वाक्यात 'बाप्पा' आणि 'बे' पेरून देईल, तेही आपले नव्हे. तुमची आई बाबांना 'जी' म्हणते. ते तसेच राहू द्या.

म्हणून माझी विनंती अशी की संवाद यंत्राकडे देऊच नका. ते मोठ्याने वाचा, शक्य असेल तर घरातच कूलर सुरू करून वाचा. यंत्राचा उपयोग उलट बाजूने करता येतो: चारही चौकटी दाखवून 'येथे काय चालले आहे ते सांग' एवढेच विचारावे. बाबांनी आईचे बोलणे ऐकले की नाही, याबाबत ते घोटाळले तर वाचकही तिथे घोटाळू शकतो, असे समजून चित्र सुधारावे. लिहिण्यापेक्षा तपासण्याच्या कामी ते मला अधिक विश्वासू वाटते.

आणखी एक सुचवतो. चौथ्या चौकटीतले बाबांचे वाक्य आपण सर्वांनी आवडून घेतले आहे, तरीही ते निम्मे करून पाहावे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांबरोबर जे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघतात त्यांच्या गळ्यातल्या पाट्या आठवा. 'घेऊन जा गे मारबत' या आरोळीपुढे जे नको असेल त्याचे फक्त नाव घेतले जाते. ते का नको, हे कुणी सांगत बसत नाही, आणि सगळी महाल वस्ती हसते. तुमच्या बाबांनीही 'काय म्हनून राहिली?' एवढेच म्हणावे आणि बाकीचे त्यांच्या चेहऱ्यावर सोडावे.

रेघोट्या

मी व्यंगचित्रे काढते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते तुम्हाला नाउमेद करण्यासाठी नाही.

ही यंत्रे ज्या चित्रांवर शिकली त्यांत आमच्यासारख्यांची चित्रे आहेत आणि ती घेताना आम्हाला विचारले गेले नाही. अमेरिकेतील चित्रमालिकाकार सारा अँडरसन यांनी अन्य दोन चित्रकारांसह जानेवारी २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजनच्या निर्मात्यांवर आणि इतर कंपन्यांवर याच कारणासाठी दावा लावला. तेव्हा एवढे पथ्य पाळा की अमुक चित्रकाराच्या शैलीत काढ, असे यंत्राला सांगू नका. तसेच आईबाबांचे खरे फोटो त्यांना विचारल्याशिवाय अशा साधनांना देऊ नका, आणि शेजाऱ्यांचे तर मुळीच देऊ नका. पानाच्या तळाशी 'कथा व संवाद' पुढे तुमचे नाव आणि 'चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने' असे स्वच्छ छापा.

हक्कांविषयी वाचनालयाच्या समितीने विचारले तर दोन गोष्टी सांगता येतील. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'झार्या ऑफ द डॉन' या चित्रकथेबाबत असे ठरवले की तिचा मजकूर आणि तिची मांडणी यांना संरक्षण मिळेल, परंतु मिडजर्नी या चित्रयंत्राने काढलेल्या सुट्या चित्रांना मिळणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने, संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारण झालेली व्यक्ती, अशी व्याख्या आली. ती या यंत्रांच्या पुष्कळ आधीची आहे. तुमच्या चारच चौकटी आहेत आणि अंक विक्रीचा नाही, तेव्हा तुम्हाला याची चिंता करण्याचे कारण नाही.

माझे खरे म्हणणे पुढेच आहे. चौकटींतली एक तरी वस्तू तुम्ही स्वतः काढा. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची हास्यचित्रे पाहिली तर लक्षात येते की हसू वस्तू कुठे ठेवली आहे यातून येते, ती किती हुबेहूब आहे यातून येत नाही. तुमच्या कूलरचा कोणता पाय वाकला आहे, कोणत्या कोपऱ्याला गंज आहे, हे यंत्राला माहीत नाही, तुम्हाला आहे. फोटोवर पातळ कागद ठेवून बाह्यरेषा गिरवा. रेषा थरथरली तरी चालेल, तिसऱ्या चौकटीत तर कूलरही थरथरतोच आहे.

धरमपेठची वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. गेल्या रविवारी आणि सोमवारी मिळून पान तयार केले, त्याचा वृत्तान्त देते.

बाबांचा तक्ता सतराव्या प्रयत्नात मनासारखा आला. टक्कल, मिशा आणि दुपट्टा या तीन खुणांचा एवढा उपयोग झाला की चौथ्या चौकटीत नाक थोडे वेगळे असूनही माझ्या भाच्याने ते सांगितल्यावरच पाहिले. आईसाठीही तसाच तक्ता केला. खोली एकदाच करून घेतली. फोटो देण्याआधी दोघांनाही विचारले; बाबांनी परवानगी दिली, आईने दिली नाही, म्हणून आईचे चित्र केवळ वर्णनावरून केले आहे.

कूलर मी स्वतः काढला. फोटोवर कागद ठेवून गिरवायला दोन तास लागले आणि पुढच्या जाळीच्या अकरा पट्ट्या दोनदा खोडाव्या लागल्या, पण तो आमचाच कूलर आहे हे पाहताक्षणी कळते. त्याची रेषा यंत्राच्या रेषेपेक्षा जाड आणि ओबडधोबड आहे. ती वेगळी पडेल अशी भीती वाटत होती. छापून पाहिल्यावर मात्र असे दिसले की त्यामुळे नजर आधी कूलरकडेच जाते, आणि या गोष्टीत तेच हवे आहे.

अक्षरे 'कलाम'मध्ये बसवली. घरघर हाताने लिहून, फोटो काढून भिंतीवर चढवली आणि 'एऽऽसी'मधला 'सी' तिच्यामागे लपवला. चारही चौकटी त्या संवादी प्रणालीला दाखवून काय चालले आहे ते विचारले, तेव्हा तिने आई पंख्याची तक्रार करते आहे असे सांगितले. त्यावरून लक्षात आले की दुसऱ्या चौकटीत ताटी नीट दिसत नव्हती. ती मोठी केली आणि बाबांच्या बनियनला गवताच्या काड्या चिकटलेल्या दाखवल्या.

मास्तरांच्या सूचनेवर सर्वांत जास्त वेळ गेला. 'कूलरमंधी काही ऐकूच नाही येऊन राहिलं' हे वाक्य मला फार प्रिय होते आणि ते काढायला हात धजत नव्हता. शेवटी दोन प्रती छापल्या, एकीत पूर्ण वाक्य आणि दुसरीत फक्त 'काय म्हनून राहिली?', आणि दोन्ही घरात टेबलावर ठेवल्या. बाबा पूर्ण वाक्याच्या प्रतीला हसले. दुसरी प्रत पाहून आधी काही बोलले नाहीत, मग आईकडे पाहिले आणि दोघेही हसू लागले. दुसरी प्रत छापायला दिली आहे. काढलेले वाक्य वहीत जपून ठेवले आहे, पुढच्या एखाद्या चौकटीत ते येईलच.

आईने मात्र पान हातात घेऊन बराच वेळ तिसरी चौकट न्याहाळली आणि सांगितले की आपल्या कूलरचा पाण्याचा पाइप उजवीकडून येतो, तू डावीकडे काढला आहेस. फोटो पुन्हा पाहिला, तिचे बरोबर आहे. काढताना आरशातल्यासारखे उलटे झाले असावे. छापखान्याला उद्या सकाळपर्यंत थांबायला सांगितले आहे आणि आज रात्री पाइप उजवीकडे घेते.